सी भाषेतील भागाकार: दशांश भाग नेमका कुठे हरवतो

सी शिकू लागलेला माणूस पहिल्या आठ-दहा प्रोग्रामांतच कधीतरी सरासरी काढायला बसतो. तीन संख्या घ्यायच्या, त्यांची बेरीज करायची आणि तिला तीनने भागायचे, एवढेच काम असते. समजा, या संख्या ६७, ७१ आणि ६२ आहेत. त्यांची बेरीज २०० येते, म्हणजे सरासरी ६६.६७ च्या आसपास यायला हवी. प्रोग्रामाचा गाभा साधारणपणे असा लिहिलेला असतो (इंट हा पूर्णांकाचा प्रकार, डबल हा दशांश संख्येचा, आणि प्रिंटएफ उत्तर छापते):

इंट बेरीज = ६७ + ७१ + ६२;
डबल सरासरी = बेरीज / ३;
प्रिंटएफ("%एफ", सरासरी);

पडद्यावर ६६.०००००० असे उत्तर उमटते. हे उत्तर फसवे आहे, कारण त्यात दशांश चिन्ह आहे, त्यापुढे सहा शून्येही आहेत आणि कंपायलरने कोणतीही तक्रार केलेली नाही. मी सी शिकत होतो तेव्हा या एका उत्तराने माझी अख्खी संध्याकाळ खाल्ली होती. दोष छापण्यात आहे असे समजून मी प्रिंटएफमधील चिन्हे उलटसुलट बदलत बसलो, आणि चूक मात्र एक ओळ वर होती.

पुढे जाण्यापूर्वी लेखनाविषयी एक खुलासा करायला हवा. येथे सीचे सर्व शब्द आणि अंक देवनागरीत दिलेले आहेत. प्रत्यक्ष प्रोग्राम टंकताना इंट, फ्लोट, डबल, प्रिंटएफ यांसारखे शब्द आणि टक्क्याच्या चिन्हापुढची अक्षरे रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहावीत आणि अंकही इंग्रजीतलेच (0 ते 9) वापरावेत, कारण देवनागरी अंक सीच्या कंपायलरला संख्या म्हणून कळत नाहीत.

प्रकार ठरतो तो भागाकाराच्या चिन्हापाशी

वरच्या प्रोग्रामातील दुसरी ओळ वाचताना आपण डावीकडून सुरुवात करतो. ‘सरासरी’ हा चल डबल आहे असे आपल्याला दिसते, आणि त्यामुळे भागाकारही दशांशातच होईल असे आपण गृहीत धरतो. कंपायलरची रीत वेगळी आहे. तो बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडील गणिताचा अर्थ स्वतंत्रपणे लावतो आणि त्या वेळी उत्तर कोणत्या डब्यात जाणार आहे याकडे बघतही नाही. त्याला भागाकाराच्या चिन्हाच्या एका बाजूला ‘बेरीज’ हा इंट दिसतो आणि दुसऱ्या बाजूला ३ हाही इंटच दिसतो. दोन्ही बाजू पूर्णांक असतील तर भागाकार पूर्णांकांचाच होतो, म्हणजे २०० भागिले ३ चे उत्तर ६६ येते आणि उरलेला अपूर्णांक तिथल्या तिथे टाकून दिला जातो. त्यानंतर हे ६६ डबलमध्ये ठेवायचे आहेत हे कंपायलरच्या लक्षात येते आणि तो त्यांचे ६६.० करतो. टाकून दिलेला भाग परत आणण्याचा मार्ग तोपर्यंत उरलेला नसतो.

म्हणून उपायही भागाकाराच्या चिन्हापाशीच करावा लागतो. दोन बाजूंपैकी किमान एक बाजू डबल असली की सी दुसऱ्या बाजूलाही आधी डबलमध्ये बदलते आणि मग भागाकार करते. हे साधण्याच्या दोन सरळ रीती आहेत. भाजक थेट लिहिलेली संख्या असेल तर ३ ऐवजी ३.० लिहावे, कारण दशांश चिन्ह असलेली संख्या सीमध्ये आपोआप डबल मानली जाते. दोन्ही बाजूंना चल असतील तर एकाच्या आधी कंसात प्रकाराचे नाव लिहून त्याचे रूपांतर करावे. या रूपांतराला टाइपकास्ट म्हणतात:

सरासरी = बेरीज / ३.०;
सरासरी = (डबल) बेरीज / संख्या;

टाइपकास्टच्या कंसाची जागा काळजीपूर्वक तपासावी. ‘(डबल) बेरीज / संख्या’ यात रूपांतर आधी होते आणि भागाकार नंतर, कारण टाइपकास्टला भागाकारापेक्षा अधिक अग्रक्रम आहे. याच ओळीत जास्तीचा नीटनेटकेपणा दाखवून कोणी ‘(डबल) (बेरीज / संख्या)’ असे लिहिले, तर भागाकार आधी पूर्णांकात उरकला जातो आणि मग त्याच्या उत्तराला डबलचा अंगरखा चढवला जातो. दिसायला दोन कंसांचाच फरक आहे, पण पहिल्या ओळीतून ६६.६६६६६७ येते आणि दुसरीतून ६६.००००००.

टाइपकास्टमुळे मूळ चल बदलत नाही, हेही येथेच सांगितलेले बरे. ‘बेरीज’ हा इंट होता आणि इंटच राहतो. फक्त त्या एका गणितापुरती त्याच्या किमतीची डबल स्वरूपातील प्रत वापरली जाते.

टक्केवारीचे चार अवतार

हा नियम अंगवळणी पडला की नाही हे पाहायला टक्केवारीइतके चांगले उदाहरण नाही. ४० पैकी ३७ म्हणजे किती टक्के, हे चार प्रकारे लिहून पाहावे. ‘३७ / ४० * १००’ याचे उत्तर ० येते. भागाकार आणि गुणाकार यांचा अग्रक्रम सारखाच असल्यामुळे गणित डावीकडून उजवीकडे चालते, त्यामुळे ३७ / ४० चे आधी ० होते आणि शून्याला शंभराने गुणून हाती काही लागत नाही. ‘३७ * १०० / ४०’ असा क्रम बदलला तर ३७०० भागिले ४० होते आणि ९२ मिळतात. खरे उत्तर ९२.५ आहे, त्यामुळे हे उत्तर जवळचे असले तरी अपुरे आहे. तिसरा प्रयत्न म्हणून शंभराला दशांश चिन्ह देऊन ‘३७ / ४० * १००.०’ लिहिले, तर पुन्हा ०.० येते. नवशिके सर्वांत जास्त गोंधळतात ते इथे, कारण त्यांनी नियमाप्रमाणे एक संख्या डबल केलेली असते. परंतु नियम संपूर्ण ओळीला एकदम लागू होत नसून प्रत्येक चिन्हाला त्याच्या दोन बाजूंपुरता लागू होतो, आणि ३७ / ४० या भागाकाराच्या दोन्ही बाजू अजूनही इंटच आहेत. शेवटी ‘१००.० * ३७ / ४०’ लिहावे. पहिल्या गुणाकारातच ३७००.० हा डबल तयार होतो, तो पुढच्या भागाकाराचा भाज्य बनतो आणि ९२.५ हे उत्तर मिळते.

दशांशाशी संबंध नसलेल्या ठिकाणीही हाच नियम अडवतो, म्हणून एक शेजारचे उदाहरण देतो:

लाँग लाँग क्षेत्र = १००००० * १०००००;

लाँग लाँग हा प्रकार किमान ६४ बिटांचा असतो आणि त्यात एक हजार कोटी सहज मावतात. तरीही आजच्या नेहमीच्या संगणकांवर, जेथे इंट ३२ बिटांचा असतो, ही ओळ धोक्याची आहे, कारण उजवीकडील दोन्ही संख्या इंट आहेत, गुणाकार इंटमध्येच होतो आणि इंटची कमाल किंमत २१४७४८३६४७ आहे. चिन्हयुक्त पूर्णांक असा ओसंडला तर काय व्हावे हे सीचे मानक सांगतच नाही. व्यवहारात अनेकदा १४१००६५४०८ असा भलताच आकडा मिळतो. डबा मोठा आहे म्हणून त्यात टाकलेला माल आपोआप मोठा होत नाही. येथेही एका बाजूला ‘(लाँग लाँग)’ असा टाइपकास्ट लावणे हाच उपाय आहे.

पूर्णांक भागाकार हा दोष नव्हे

इतके वाचल्यावर सगळीकडे डबलच वापरावा असे वाटू शकते, पण तो उतावळेपणा ठरेल. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून एका तिरप्या रेघेचा भागाकार दशांशात आणि दोन रेघांचा पूर्णांकात होतो, त्यामुळे तिथून आलेल्या वाचकाला सीची रीत मागासलेली वाटते. प्रत्यक्षात सीने दोन्ही कामे एका चिन्हावर सोपवली आहेत आणि निवड प्रकारांवर ठेवली आहे. सीच्या आधीच्या बी या भाषेत प्रकारच नव्हते. प्रत्येक किंमत म्हणजे यंत्रातील एक ‘शब्द’, म्हणजे ठरावीक बिटांचा एक गट असायचा. बेल लॅब्समध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डेनिस रिची यांनी त्या भाषेला प्रकारांची जोड देऊन सी घडवली, आणि अक्षरे, पूर्णांक व दशांश संख्या यांची मापे वेगवेगळी असणे हे त्यामागचे एक कारण होते.

पूर्णांक भागाकार आणि बाकी काढणारे टक्क्याचे चिन्ह ही जोडी फार उपयोगाची आहे. ५०० सेकंदांची मिनिटे करायची असतील तर ५०० / ६० म्हणजे ८ मिनिटे आणि ५०० % ६० म्हणजे २० सेकंद. ४७२९ या संख्येचा शेवटचा अंक हवा असेल तर % १० करावे, तो काढून टाकायचा असेल तर / १० करावे, आणि हे आलटून पालटून केले की चारही अंक सुटे होतात. २३ ओळी प्रत्येक पानावर ५ याप्रमाणे छापायच्या असतील, तर २३ / ५ हे ४ देईल आणि शेवटच्या तीन ओळी बेघर होतील. धन संख्यांसाठी ‘(ओळी + ५ - १) / ५’ असे लिहिले की २७ / ५, म्हणजे ५ पाने हे योग्य उत्तर मिळते. त्यासाठी डबलकडे जाण्याची गरज पडत नाही.

ऋण संख्या आल्या की मात्र थोडे थांबून विचार करावा. सीमध्ये -७ / २ चे उत्तर -३ येते, म्हणजे छाटणी नेहमी शून्याच्या दिशेने होते. १९९९ च्या मानकापासून हे सर्व कंपायलरांना बंधनकारक आहे. त्याआधी ऋण संख्यांच्या बाबतीत -३ की -४ हे कंपायलर बनवणाऱ्यावर सोडलेले होते. भागाकार शून्याकडे छाटला जात असल्यामुळे बाकीला भाज्याचे चिन्ह लागते आणि -७ % २ चे उत्तर -१ येते. याचा फटका एका अत्यंत साध्या ठिकाणी बसतो. संख्या विषम आहे का हे तपासण्यासाठी ‘संख्या % २ == १’ असे लिहिले, तर -७ ही विषम संख्या त्या चाळणीतून निसटते. ‘संख्या % २ != ०’ ही तपासणी दोन्ही चिन्हांसाठी बरोबर चालते. टक्क्याचे चिन्ह फक्त पूर्णांकांसाठी आहे. डबलवर ते वापरल्यास कंपायलर ओळ नाकारतो, आणि दशांश संख्यांची बाकी हवी असल्यास गणिताच्या हेडर फाइलमधील एफमॉड हे फंक्शन वापरावे लागते.

अनसाइन्ड इंट, म्हणजे ऋण किंमत न ठेवणारा पूर्णांक, ही आणखी एक गुप्त खोच आहे. इंट आणि अनसाइन्ड इंट एकाच चिन्हाच्या दोन बाजूंना आले, तर सी दोन्ही अनसाइन्ड करते. बेरीज -१० असेल, संख्या ४ असेल आणि संख्या साठवणारा चल अनसाइन्ड असेल, तर ३२ बिटांच्या यंत्रणेत -१० चे आधी ४२९४९६७२८६ होते आणि भागाकार १०७३७४१८२१ येतो. ‘मोजणी कधी ऋण नसते’ या विचाराने मोजणीचा चल अनसाइन्ड करण्याचा मोह नवशिक्याने टाळावा, असे माझे मत आहे. साधा इंट पुरतो.

फ्लोट की डबल

दशांश भाग हवा हे ठरल्यावर पुढचा प्रश्न प्रकाराचा येतो. बहुतेक संगणकांवर फ्लोट ३२ बिटांचा आणि डबल ६४ बिटांचा असतो, आणि दोन्हींची रचना १९८५ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या आयट्रिपलई ७५४ या मानकानुसार असते. फ्लोटमध्ये सार्थ अंकांसाठी २४ बिट मिळतात, म्हणजे दशमान पद्धतीतील सहा-सात अंक भरवशाचे असतात. डबलमध्ये ५३ बिट मिळतात आणि पंधरा अंक भरवशाचे असतात. फ्लोटची मर्यादा हाताने तपासून पाहण्यासारखी आहे. १६७७७२१७ ही संख्या फ्लोटमध्ये ठेवून परत छापली, तर १६७७७२१६ छापली जाते. संख्या पूर्ण आहे, फार मोठीही नाही, तरीही तिच्यासाठी २५ बिट लागतात आणि फ्लोटकडे ते नाहीत.

नवशिक्याने डबल हाच नेहमीचा प्रकार मानावा. थेट लिहिलेल्या दशांश संख्या डबलच असतात आणि गणिताची प्रमाण फंक्शनेही डबलमध्येच काम करतात. लक्षावधी किमतींची यादी स्मृतीत मावायची असेल किंवा चित्रांकनासारखे काम असेल, तेव्हा फ्लोटचा विचार करावा. त्या पायरीवर पोहोचेपर्यंत त्याची गरज पडत नाही.

डबलही अचूक नसतो, हे मात्र लवकर समजून घ्यावे. आपण दशमान पद्धतीत १ भागिले ३ लिहू लागलो की ०.३३३ संपतच नाही. संगणक द्विमान पद्धतीत लिहितो आणि तेथे १ भागिले १० ची हीच गत होते: ०.०००११००११००११ असा क्रम अखंड चालू राहतो. तो कुठेतरी तोडावा लागतो, त्यामुळे ०.१ म्हणून साठवलेली किंमत खरे तर ०.१००००००००००००००००५५५ अशी किंचित मोठी असते. ०.५, ०.२५, ०.३७५ या संख्या मात्र नेमक्या साठवता येतात, कारण त्यांचे छेद दोनाचे घात आहेत. याचे परिणाम पाहायचे असतील तर ०.१ + ०.२ हे उत्तर दशांश चिन्हापुढे १७ स्थळांपर्यंत छापावे. ०.३०००००००००००००००४ असे दिसेल. नेहमीच्या सहा स्थळांच्या छपाईत हा फरक झाकला जातो, पण तुलना करताना तो उघडा पडतो.

म्हणून दोन दशांश संख्यांची तुलना बरोबरच्या दुहेरी चिन्हाने करू नये. त्यांच्यातील फरकाचे निरपेक्ष मूल्य एखाद्या लहान मर्यादेपेक्षा कमी आहे का, हे तपासावे, आणि ती मर्यादा हाताशी असलेल्या संख्यांच्या आकाराला शोभेल अशी निवडावी. त्यासाठी एफएबीएस हे फंक्शन वापरावे. एबीएस हे फंक्शन पूर्णांकांसाठी असल्याने ते ०.५ चा फरक छाटून शून्य करून टाकते. फ्लोट आणि डबल यांची तुलना तर आणखी फसवी आहे. फ्लोट चलात ०.१ ठेवून त्याची लगेच ०.१ शी तुलना केली तरी उत्तर ‘असमान’ असे येते, कारण एका बाजूला २४ बिटांवर तोडलेली किंमत असते आणि दुसऱ्या बाजूला ५३ बिटांवर तोडलेली.

लूपमध्ये हा घोटाळा जास्त महाग पडतो. ‘क्ष’ शून्यापासून सुरू करून दर फेरीला ०.१ मिळवायचे आणि १.० झाला की थांबायचे, अशी अट असमानतेच्या चिन्हाने लिहिली, तर दहा वेळा ०.१ मिळवल्यावर डबलमध्ये ०.९९९९९९९९९९९९९९९९ होते, पुढच्या फेरीत क्ष १.० ओलांडून जातो आणि लूप थांबतच नाही. मोजणी पूर्णांकाने करावी आणि दशांश किंमत त्याच्यापासून काढावी:

फॉर (इंट क = ०; क <= १०; क++) {
    डबल क्ष = क / १०.०;
}

येथे १०.० ऐवजी चुकून १० लिहिले, तर क्ष दहा फेऱ्या शून्यच राहील आणि शेवटच्या फेरीत एकदम १ होईल.

पैशांचा हिशेब असेल तर दशांश प्रकारांना शक्यतो हातच लावू नये. चलनाचे सर्वांत लहान एकक धरून सगळी रक्कम लाँग लाँगमध्ये ठेवावी आणि छापताना / १०० व % १०० वापरून दोन भाग करावेत.

दशांशाकडून परत पूर्णांकाकडे

उलटी वाट घसरडी आहे. डबल किंमत इंटमध्ये ठेवली की ती जवळच्या पूर्णांकावर जात नाही, तर शून्याच्या दिशेने छाटली जाते: ३.९९ चे ३ होतात आणि -३.९९ चे -३. जवळचा पूर्णांक हवा असेल तर राउंड किंवा एलराउंड हे फंक्शन वापरावे. ०.५ मिळवून छाटण्याची जुनी युक्ती ऋण संख्यांना चालत नाही, कारण -३.७ चे -३.२ होतात आणि छाटल्यावर -३ उरतात. ही फंक्शने वापरताना लिनक्सवर जीसीसी या कंपायलरला अनेकदा गणिताचे ग्रंथालय जोडण्याची सूचना आज्ञेच्या शेवटी द्यावी लागते. ती राहिली तर ‘फंक्शन सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि नवशिका उगाच हेडर फाइलवर संशय घेतो.

इंटच्या मर्यादेत न मावणारी डबल किंमत त्यात कोंबली तर काय होईल याची मानक कोणतीही हमी देत नाही. हा केवळ शिकाऊ प्रोग्रामांचा प्रश्न नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले, त्याच्या मुळाशी ६४ बिटांच्या दशांश किमतीचे १६ बिटांच्या पूर्णांकात केलेले रूपांतर होते. ती प्रणाली सीमध्ये नव्हे तर एडा भाषेत लिहिलेली होती. किंमत डब्यापेक्षा मोठी झाली तर भाषा कोणतीही असली तरी अडचण तीच.

शून्याने भागण्याच्या बाबतीतही दोन प्रकार वेगळे वागतात. पूर्णांकाला शून्याने भागले तर वर्तन अनिश्चित असते आणि लिनक्सच्या नेहमीच्या यंत्रांवर प्रोग्राम ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’ (म्हणजे दशांश गणितातील अपवाद) असे म्हणत कोसळतो. हा संदेश उपरोधिकच म्हणायचा, कारण दशांश संख्येला शून्याने भागले तर प्रोग्राम असा कोसळत नाही. आयट्रिपलई ७५४ पाळणाऱ्या यंत्रणेत अनंताची खूण मिळते, आणि शून्य भागिले शून्य केल्यास ‘संख्या नव्हे’ अशी खूण मिळते. ती खूण पुढच्या प्रत्येक गणितात पसरत जाते. कोसळणे परवडले, कारण ते निदान जागा दाखवते. सरासरी काढण्याआधी मोजणी शून्य नाही ना, हे तपासण्याची ओळ दोन्ही प्रकारांत लिहावी.

वाचताना आणि छापताना

गणित बरोबर असूनही उत्तर चुकीचे दिसते तेव्हा दोष बहुधा किमती वाचणाऱ्या स्कॅनएफ किंवा छापणाऱ्या प्रिंटएफमध्ये असतो. छापताना इंटसाठी %डी आणि फ्लोट व डबल या दोघांसाठीही %एफ चालते, कारण प्रिंटएफसारख्या फंक्शनाला फ्लोट पाठवला की तो वाटेतच डबल होतो. वाचताना मात्र ही सवलत नाही. स्कॅनएफला चलाचा पत्ता दिला जातो आणि त्या पत्त्यावर चार बाइट लिहायचे की आठ, हे त्याला फक्त चिन्हावरून कळते. म्हणून फ्लोटसाठी %एफ आणि डबलसाठी %एलएफ लिहिणे सक्तीचे आहे. डबल चलासाठी %एफ लिहिले तर त्याचे निम्मेच बाइट भरले जातात आणि मग छापताना काहीही दिसू शकते.

प्रिंटएफ स्वतः कोणतेही रूपांतर करत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ‘%डी’ लिहून त्याला ७ / २.० दिले तर ३ छापले जातील आणि ‘%एफ’ लिहून ७ / २ दिले तर ३.५ छापले जातील, अशी समजूत सर्रास आढळते. दोन्ही ओळी चुकीच्या आहेत आणि दोन्हींचे वर्तन अनिश्चित आहे. जीसीसीला उणेचिन्हापुढे डब्ल्यू आणि ऑल जोडून केलेली इशाऱ्यांची सूचना दिली, तर तो अशा विसंगतीवर नेमके बोट ठेवतो. मात्र पूर्णांक भागाकाराचे उत्तर डबलमध्ये ठेवण्याबद्दल हाच पर्याय गप्प राहतो, कारण भाषेच्या दृष्टीने त्यात गैर काहीच नाही.

दशांश स्थळे मर्यादित करण्यासाठी ‘%.२एफ’ असे लिहावे. त्यामुळे छापलेली प्रत पूर्णांकित होते, चलातील किंमत तशीच राहते. २.६७५ ही संख्या दोन स्थळांपर्यंत छापल्यावर २.६८ ऐवजी २.६७ दिसले तर कंपायलरला दोष देऊ नये. डबलमध्ये साठवलेली किंमत २.६७४९९९… अशी आहे आणि ती खालीच उतरणार.

वाचण्यातील एक मजेशीर अडचण प्रत्यक्ष करून पाहण्यासारखी आहे. एकामागोमाग दोन इंट %डी ने वाचायचे आहेत आणि वापरकर्त्याने पहिल्याच वेळी ३.५ टंकले. पहिला स्कॅनएफ ३ घेतो आणि दशांश चिन्हापाशी थांबतो. ‘.५’ तेथेच पडून राहते, आणि दुसऱ्या स्कॅनएफला संख्येऐवजी टिंब सामोरे येते, म्हणून तो काहीही न वाचता परततो. दुसरा चल आधीच्या किंवा निरर्थक किमतीवर राहतो आणि प्रोग्राम वापरकर्त्याची वाट न बघता पुढे धावतो. स्कॅनएफ किती किमती वाचल्या ते परत सांगतो. तो आकडा १ आहे का, हे प्रत्येक वेळी तपासावे.

चाचणीसाठी संख्या निवडताना

भागाकार असलेल्या प्रोग्रामाची चाचणी घेताना संख्या कोणत्या निवडल्या यावर पुष्कळ काही अवलंबून असते. सेल्सिअसचे फॅरनहाइट करण्याचा प्रोग्राम घ्या. सूत्रात ‘९ / ५ * से + ३२’ असे लिहिले तर ९ / ५ चे १ होते. तरीही ० अंश सेल्सिअस देऊन पाहिल्यास ३२ हे अगदी बरोबर उत्तर येते आणि चूक लपून राहते. १०० दिले तर २१२ ऐवजी १३२ येतात आणि ती पकडली जाते. आता कोणी क्रम बदलून, इंटच ठेवून, ‘से * ९ / ५ + ३२’ असे लिहिले. ० ला ३२, १०० ला २१२ आणि -४० ला -४०, अशी सर्वांच्या तोंडपाठ असलेली तिन्ही उत्तरे बरोबर येतात, कारण या तिन्ही संख्यांना पाचाने निःशेष भाग जातो. ३७ देऊन पाहिले की ३३३ / ५ चे ६६ होतात आणि ९८.६ ऐवजी ९८ छापले जातात. म्हणून चाचणीला नि:शेष भाग न जाणारी एक धन संख्या, तशीच एक ऋण संख्या आणि जेथे भाजक वापरकर्त्याकडून येतो तेथे शून्य, एवढ्या तीन किमती तरी द्याव्यात. या प्रोग्रामात भाजक ठरलेलाच आहे, त्यामुळे ३७ आणि -७ पुरतात. दुसऱ्या किमतीला १९.४ हे उत्तर यायला हवे, आणि इंटमध्ये -६३ / ५ चे -१२ होत असल्यामुळे २० आले, तर ‘से’ या चलाचा प्रकार किंवा सूत्रातील ५ बदलायचा राहिला आहे असे समजावे.